हाळी न देता काढलेला फोटो

चिखलात पाय टाकायला कोणालाही येतं. काढायला शिकावं लागतं. पाय सरळ वर ओढला तर चिखल घोट्याला धरून बसतो आणि माणूस तोंडावर पडतो. आधी टाच फिरवायची, टाचेखाली हवा शिरू द्यायची, मग गुडघा पुढे घेऊन पाय अलगद सोडवायचा. करावे गावच्या चांगुणाबाईला हे कोणी शिकवलं नव्हतं. आईच्या मागून चालता चालता तिला ते आलं, आणि नवरा शिवा काविळीनं गेला तेव्हा त्या कसबावरच तिचं आणि लहानग्या लेकीचं, गोजराचं, पोट चालू लागलं.

ओहोटी लागली की गावच्या बाया बांधावरून खाली उतरत. तिवरांच्या पलीकडे चिखल उघडा पडे. कोणी खुबे काढी, कोणी चिंबोऱ्या. चांगुणा निवट्या धरी. निवटी म्हणजे बोटाएवढा मासा, चिखलात बीळ करून राहतो आणि पाण्याबाहेरही उड्या मारतो. त्याच्या बिळाला दोन तोंडं असतात. एका तोंडावर पाय दाबायचा, दुसऱ्यात हात घालायचा. हात कोपरापर्यंत जातो, कधी खांद्यापर्यंत. गाल चिखलाला टेकतो. बोटांना मासा लागला की श्वास धरायचा आणि तळव्यात दाबून वर आणायचा. त्या घटकेला मान वर केली की पाय ढिला होतो, आणि पाय ढिला झाला की मासा गेला. मग त्या बिळाशी केलेली सगळी मेहनत फुकट.

हे काम लुगडं खाली पायघोळ सोडून होत नाही. काष्टा वर, पार मांडीपर्यंत खोवावा लागतो. म्हणून गावात एक रीत होती. ओहोटीच्या वेळी बांधावरून जाणाऱ्या पुरुषानं तिवरांच्या अलीकडे थांबायचं आणि हाळी द्यायची, "बायांनो, बांधाव मानूस हाय." चिखलातल्या बाया ओचे खाली सोडत, पाठ फिरवत, आणि त्यातली वयानं मोठी असेल ती उलट ओरडे, "जा रे बाबा." मगच तो पुढे जाई. उत्तर आलं नाही तर उभा राही. पाटील असो, भंडारी असो, मिठागराचा मुकादम असो, उत्तरावाचून कोणी पाऊल टाकलेलं चांगुणाला आठवत नव्हतं. हिरामण नावाचा एक म्हातारा तर ऐकायला कमी येतं म्हणून दोन दोनदा हाळी देई, आणि बाया मुद्दाम उत्तर द्यायला उशीर करून त्याला उन्हात तिष्ठत ठेवीत. मग वर त्यालाच विचारीत, "बाबा, पाय दुखलं का?"

शिवा गेल्यापासून चांगुणा इतर बायांच्या पुढे, लांबच्या ओहोळाकडे जाई. तिथं चिखल खोल, पण मासा भरपूर. एकटीनं काम करायची तिला सवय लागली होती. बोलायला कोणी नसलं की हात जास्त चालतो, असं ती म्हणे. ते अर्धंच खरं होतं. बायांच्या गप्पांत नवऱ्यांचा विषय निघे, तेव्हा कुठं बघावं ते तिला कळत नसे.

त्याच ओहोळाशी एका उन्हाळ्यात तो प्रकार झाला. एक पाय बिळावर, हात खांद्यापर्यंत आत, अशी ती चिखलात वाकलेली. मासा बोटांना लागला होता. बांधावर काहीतरी खुट्ट झाल्यासारखं वाटलं. तिनं मान वर केली नाही. मासा काढला, कमरेच्या टोपलीत टाकला, आणि मग पाहिलं तर पँट घातलेला, खांद्याला कातडी पिशवी लावलेला एक तरुण बांधावरून परत निघाला होता. त्याची पाठच दिसली. त्या दिवसांत जमिनी मोजायला असे पुष्कळ लोक येत. खाडीपलीकडच्या मुंबईला जुळं शहर बांधायचं ठरलं होतं आणि गावांच्या आजूबाजूला लाल टोकाच्या खुंट्या ठोकल्या जात होत्या. हाळी न देता आला म्हणून चांगुणानं त्याला एक शिवी दिली आणि पुढचं बीळ धरलं. घरी आल्यावर कालवण केलं. गोजरा आणि ती जेवल्या. झालं, इतकंच.

पुढच्या उन्हाळ्यात गोजराचं लग्न झालं. सोयरीक बोनकोड्याची. सासरा सिताराम, भातशेतीचा माणूस, बोलायला कमी. सासू बायजाबाई, हाडाची मजबूत, तोंडाची तिखट. जावई ठाण्याला कारखान्यात. चांगुणानं जमेल तसं लग्न लावलं आणि रिकाम्या घरी परत आली. घरात दोनच पाट होते. एक भिंतीला उभा करून ठेवला तो तसाच राहिला.

गोजराला दिवस गेल्याचं कळलं तेव्हा तो पाट तिनं घासून पुसून ठेवला. पहिलं बाळंतपण माहेरी, हे ठरलेलंच. सातव्या महिन्यात आई जाऊन मुलीला घेऊन येते. चांगुणानं शेणानं जमीन सारवली, बाजेच्या दोऱ्या आवळल्या, डिंक आणि सुंठ आणून ठेवली, आणि पाटीत नारळ आणि ओटीचं सामान घेऊन बोनकोड्याला गेली.

तिला पाणी मिळालं, पण पडवीत. आत ये असं कोणी म्हणालं नाही. गोजरा दारात येऊन उभी राहिली आणि सासूनं हाक मारल्यावर आत गेली. सिताराम खांबाला टेकून जमिनीकडे बघत बसला होता. बायजाबाईनं नारळाला हात लावला नाही.

"विहीनबाय," ती म्हणाली, "तुजा फोटू लागलाय वाशीला. बस थांबते तिथं. आमच्या मानसानं पायला."

चांगुणाला काही समजेना. मग हळूहळू कळलं. नव्या शहराचं ऑफिस होतं, त्यानं बस थांब्याजवळ पत्र्याच्या शेडखाली माणसाच्या उंचीचे फोटो लावले होते. एका बाजूला इमारती, रस्ते, बाग, आणि खाली मोठ्या अक्षरांत "उद्या". दुसऱ्या बाजूला खाडी, चिखल आणि त्यात वाकलेली एक बाई. तिच्याखाली "काल". सिताराम बसची वाट बघत असताना त्यानं विहिणीला ओळखलं होतं. उघड्या मांड्या, उघडं कपाळ. शेजारी उभे असलेले लोक बोट दाखवत होते. तो बस सोडून चालत घरी आला होता.

चांगुणा म्हणाली, मला कोणी विचारलं नाही, मला ठाऊकच नाही. बायजाबाई हसली. तिच्या आयुष्यात फोटो एकदाच निघाला होता, मुलाच्या लग्नात. फोटोवाल्यानं खुर्ची मांडली, मागं पडदा बांधला, काळ्या कापडात डोकं घातलं, हनुवटी वर करा, हलू नका, असं करत माणसांना घामाघूम केलं होतं. गावातल्या सगळ्यांचा फोटो असाच निघालेला. बसल्याशिवाय, थांबल्याशिवाय, हो म्हटल्याशिवाय फोटो निघतो, हे त्या घरात कोणाला माहीत नव्हतं. खरं तर चांगुणालाही नव्हतं.

"फोटू काय मासा हाय, नकलत धरायला?" बायजाबाई म्हणाली. "तू उभी रायलीस, म्हनून निघाला. रांडवलेली बाई, परक्या मानसासमोर मांड्या काढून उभी रायली. तुज्या घरात माज्या मुलाचं पोर जन्माला येनार नाय."

चांगुणा पाटी उचलून निघाली. नारळ पडवीतच राहिला. कोपऱ्यापर्यंत आली तेव्हा मागून त्या घरातलं एक पोर पळत येऊन तो तिच्या पाटीत ठेवून गेलं.

करावेच्या बाया तिच्या बाजूनं बोलायला बोनकोड्याला गेल्या. यशोदाबाई म्हणून तिची शेजारीण होती, तिनं शपथ घेतली. पण त्या दिवशी लांबच्या ओहोळाशी तिच्याजवळ कोणीच नव्हतं, आणि बायजाबाईनं तेच धरून ठेवलं. तुमच्या गावची बाई, तुम्ही तिचंच बोलणार, एवढं सांगून तिनं त्यांना चहा पाजून परत पाठवलं.

चांगुणानं विचार केला. फोटो काढणारा असेल कुठेतरी. त्यानंच सांगितलं, मी विचारलं नव्हतं, तर संपलं. ती सितारामकडे पुन्हा गेली आणि म्हणाली, माझ्यावर विश्वास ठेवू नका, पण माझ्याबरोबर ऑफिसात चला, त्याच्या तोंडून ऐका. सिताराम विचार करून हो म्हणाला. माणूस वाईट नव्हता. त्यालाही सून माहेरी जावी असंच वाटत होतं, पण घरात त्याचा शब्द चालत नव्हता.

ऑफिसातला साहेब भला होता. त्यानं दोघांना खुर्च्या दिल्या. चांगुणा बसली नाही. साहेबानं सगळं ऐकून फोटोवाल्याला बोलावलं. त्याचं नाव दिलीप. दादरकडचा, पंचविशीचा, खांद्याला तीच पिशवी. चांगुणानं त्याची पाठ ओळखली. तोंड ती पहिल्यांदाच पाहत होती.

साहेबानं विचारलं, "या बाईंची परवानगी घेतली होती का?"

दिलीपनं साहेबाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "घेतली होती, सर. मी विचारल्याशिवाय काढत नाही. त्या हो म्हणाल्या."

"मी कदी बोल्ली?" चांगुणानं विचारलं. "तू हाळी तरी दिलीस?"

दिलीपला हाळी म्हणजे काय ते कळलं नाही. त्यानं साहेबाकडे पाहून खांदे उडवले. साहेब समजुतीनं म्हणाला, बाई, तसं बघितलं तर विचारायची गरजही नसते. खाडी काय, रस्ता काय, सगळ्यांचाच. तिथं उभं राहून कोणी कोणाचाही फोटो काढू शकतो. कायदा आड येत नाही. पण तुम्हाला त्रास होतोय ना, मग तो फोटो आपण आजच उतरवू. तुमच्या शब्दाला मान आहे.

त्यानं लगेच चपराशाला सांगितलंही. सगळे तिच्याशी चांगलं वागत होते. तिचं खरं मात्र कोणी मानलं नव्हतं. दिलीप खाली बघत उभा होता. सितारामनं हात जोडले आणि तो बाहेर पडला.

रस्त्यात तो एवढंच बोलला, "इतका शिकलेला मानूस खोटं कशाला बोलंल, विहीनबाय?" त्याच्या बसची वेळ झाली होती. तो गेला.

चांगुणा थांब्यावर उभी राहिली. फोटो उतरवायला माणसं आली होती. आतापर्यंत तिनं तो धड पाहिला नव्हता. एकदा लांबून, पदर तोंडावर ओढून, लोकांच्या पाठीमागून पाहिला होता. माणसांनी स्क्रू काढले, प्लायची ती पाटी उतरवली आणि लॉरी येईपर्यंत फुटपाथवर उताणी ठेवली. चांगुणा जवळ गेली आणि वाकून बघू लागली.

उघड्या मांड्या होत्या, ते खरं. पण पाय कुठं आहे ते तिनं पाहिलं. उजवा पाय बिळावर, अंगठा आत रुतलेला. डावा हात खांद्यापर्यंत चिखलात. मान वाकडी, गाल चिखलाला लागलेला, तोंड किंचित उघडं, डोळे मिटलेले. मासा बोटांना लागला की डोळे आपोआप मिटतात. खाडीत काम केलेल्या कोणत्याही बाईला हे दाखवा. ती सांगेल, या बाईला कोणी विचारलेलं नाही. विचारलं असतं तर आधी काष्टा खाली आला असता, मग बाकीचं. आणि बायजाबाई लग्नाआधी अशाच एका खाडीत वाढलेली होती. हात चिखलात घातलेली बाई होती ती.

फोटो बायजाबाईनं पाहिलाच नव्हता. नवऱ्याच्या तोंडून ऐकला होता. आणि सिताराम पुरुष. हाळी देऊन थांबणारा. बाई बिळाशी कशी असते ते त्याला कुठून माहीत असणार?

चांगुणानं कामगारांना सांगितलं, हे मला द्या, एक दिवसापुरतं. बोनकोड्याला दाखवून परत आणते. ते म्हणाले, ऑफिसचा माल आहे, आजी. ती आजी नव्हती अजून. त्यांनी पाटी लॉरीत टाकली, वर चुन्याच्या गोणी टाकल्या आणि लॉरी गेली.

नंतर ती पुन्हा ऑफिसला गेली. साहेबाची बदली झाली होती. फोटोचा कागद पावसात भिजून सुटला म्हणून खरवडला, त्यावर दुसरा चिकटवला, असं पहारेकऱ्यानं सांगितलं. दिलीप मुंबईला गेला, पत्ता कोणाजवळ नाही. आपल्या हातानं आपण साक्षीदार घालवला, हे चांगुणाला कळून चुकलं. ती ऑफिसात गेली म्हणूनच तो फोटो उतरला होता.

गोजरा बोनकोड्यालाच बाळंत झाली. मुलगा. चांगुणाला बातमी दुर्गाबाईनं दिली. ती गावोगाव मासे विकायला फिरे. बारशाला चांगुणा गेली. पडवीत बसली. पोर मांडीवर दिलं, थोड्या वेळानं घेतलं. गोजरा खाली मान घालून पाळण्याची दोरी ओढत होती. निघताना चांगुणानं डिंकाचे लाडू ठेवले ते कोणी खाल्ले की नाही, हे तिला कधी कळलं नाही.

त्यानंतर माय-लेकी भेटत त्या दुसऱ्यांच्या हळदीत, दुसऱ्यांच्या मर्तिकात. चार माणसांत काय बोलणार? बरी हायस ना, बरी हाय. पोरगा शालेत जातो, जातो. दुसरं बाळंतपण झालं तेही तिकडेच. जावई आडमुठा नव्हता, पण आईच्या पुढे गेला नाही. गोजरा भांडली नाही. तिच्या जागी चांगुणा असती तर तीही भांडली नसती. भिंतीचा पाट तसाच उभा होता. वाळवी लागली तेव्हा चांगुणानं तो चुलीत घातला.

मधल्या काळात सगळंच बदललं. शेतं गेली, मिठागरं गेली. खाडीत भराव पडला. खारीगवताच्या जागी सिमेंटच्या चाळी आल्या, मग मोठ्या इमारती. गावच्या पोरांना गाड्यांवर, गोदीत, न्हावा शेव्याच्या कामावर नोकऱ्या लागल्या. त्यांच्या बायका चिखलात उतरेनात, आणि त्यात चूक काही नव्हती. लांबच्या ओहोळावर आता चांगुणा एकटीच असे. यशोदाबाईचे गुडघे गेले, हिरामण वारला. ती अजूनही काम करताना कान बांधाकडे ठेवी. हाळी येत नसे. द्यायला कोणी उरलं नव्हतं.

एकदा जमीन गेल्याच्या दाखल्यासाठी फोटो हवा असं तिला सांगण्यात आलं. वाशीच्या नव्या बाजारात एक स्टुडिओ होता. ती आत गेली आणि काउंटरमागच्या माणसाकडे बघत राहिली. केस विरळ झाले होते, पोट सुटलं होतं. पण तो दिवा लावायला वळला आणि तिनं पाठ ओळखली.

त्यानं तिला ओळखलं नाही. स्टुलावर बसवलं, पदर सारखा करायला सांगितला, दिवा हलवला. मग सवयीनं विचारलं, "मावशी, काढू ना?"

"आज इचारतोस?" चांगुणा म्हणाली.

दिलीप थांबला. कॅमेऱ्यामागून बाहेर आला आणि तिच्याकडे बघू लागला. त्याला ओळख पटायला वेळ लागला. पटली तेव्हा तो समोरच्या खुर्चीत बसला. गिऱ्हाईक आलं, त्याला त्यानं नंतर यायला सांगितलं.

तो सुरुवातीला आपली बाजू मांडत राहिला. बाहेर, उघड्यावर काढलेल्या फोटोला परवानगी लागत नाही, तेव्हाही नव्हती, आताही नाही, असं म्हणाला. विचारलं असतं तर तुम्ही उठून उभ्या राहिला असता, आणि मग फोटो कसला? फोटोत जे होतं ते गेलं असतं. चांगुणानं ऐकून घेतलं. त्याचं म्हणणं तिला पटलं नाही असं नाही. बिळातल्या माशाला विचारून धरत नाही कोणी.

"तुजं काम तू केलंस," ती म्हणाली. "त्याबद्दल मी नाय बोलत. पन साहेबासमोर इचारलं म्हनून का सांगितलंस? नाय इचारलं, एवडं बोल्ला असतास तर माजी पोरगी घरी आली असती."

दिलीपनं दिवा बंद केला. रस्त्यावर बस हॉर्न देत होती. "पहिलंच काम होतं, मावशी," तो म्हणाला. "वाटलं, काढून टाकतील."

मग त्यानं विचारलं, पोरगी कुठली, घरी येणं कसलं. तिनं थोडक्यात सांगितलं. जास्त सांगण्यासारखं नव्हतंच. दिलीपनं बोनकोड्याला येतो, तिथं सांगतो, असं म्हटलं. चांगुणानं नको सांगितलं. सिताराम वारला होता, आणि शिकलेल्या माणसाचा शब्द त्या घरात एकदा जाऊन आला होता. तिला फोटो हवा होता. तोच.

निगेटिव्ह होती. त्यानं ती शोधली, पुसली आणि हातभर कागदावर फोटो काढून दिला. दाखल्याचा फोटोही काढला. त्यात चांगुणा ताठ बसली आहे, डोळे उघडे, तोंड मिटलेलं. त्या फोटोत ती कोणालाच ओळखू आली नसती.

बोनकोड्याला घर आता पक्कं झालं होतं. वरच्या मजल्यावर भाडेकरू. बायजाबाई खाली ओसरीवर बसलेली असे, पाय सुजलेले. चांगुणानं वर्तमानपत्रात गुंडाळलेला फोटो काढून तिच्या मांडीवर ठेवला आणि बाजूला उभी राहिली.

बायजाबाईनं तो डोळ्यांजवळ धरला, लांब धरला, उजेडाकडे फिरवला. मांड्यांकडे तिचं लक्ष गेलं नाही. तिनं बोट ठेवलं ते पायाच्या अंगठ्यावर. मग हातावर. मग मिटलेल्या डोळ्यांवर.

"निवटी लागलीय हिच्या हाताला," ती म्हणाली. कोणाशी बोलत होती कोण जाणे. "अंगठा बग कसा दाबलाय." बोट तसंच फोटोवर. मग मान वर केली. "हाळी दिलीच नव्हती यानं."

"नाय दिली," चांगुणा म्हणाली.

"मना कोनी दाखवला नाय गो हा."

चांगुणानं सांगितलं तर होतंच, सगळ्या तऱ्हेनं. बायजाबाईनं फोटो मांडीवर ठेवून गोजराला हाक मारली. गोजरा आतून आली. हात पिठात. केसांत पांढरं दिसत होतं.

"आईसंगती जा," सासू म्हणाली. "चार दिस रा माहेरी. मी बगीन हितलं."

ज्यासाठी चांगुणा एवढी वर्षं थांबली होती ते हेच. गोजरानं आईकडे पाहिलं, मग सासूच्या सुजलेल्या पायांकडे. पीठ झटकलं. "आता कसं जमंल, आत्याबाय?" ती म्हणाली. "पोरांची परीक्षा हाय. तुमाला उठवायला कोन? वरची मानसं पान्यासाठी खाली येतात." तिनं आईला हलक्या आवाजात सांगितलं, "मे मैन्यात बगू आये." तिच्या बोलण्यात राग नव्हता. माहेरी जायचं ही गोष्ट तिच्या दिवसातून कधीच निघून गेली होती आणि आता तिच्यासाठी जागा राहिली नव्हती.

चहा झाला. या वेळी चांगुणा आत बसली, खुर्चीवर. थोरला नातू शाळेतून आला, त्यानं वाकून नमस्कार केला आणि आपल्या आईला विचारलं, या कोण. मग दप्तर टाकून खेळायला गेला.

चांगुणानं फोटो पुन्हा वर्तमानपत्रात गुंडाळला आणि गोजरा तिला थांब्यापर्यंत सोडायला आली. वाटेत दोघी फारसं बोलल्या नाहीत. बस यायला उशीर होता. गोजरा म्हणाली, "मी नाय पायला कदी तो फोटू." चांगुणानं वर्तमानपत्र सोडून तिच्या हातात दिला. गोजरानं थांब्याच्या खांबाला टेकून पाहिला.

"निवटी निंगाली का गो ती?"

"निंगाली. मोटी होती." चांगुणा म्हणाली. "रात्री तूच खाल्लीस."

गोजरा फोटो बघत राहिली. बस दिसली तेव्हा म्हणाली, "मना देशील? नाय म्हनलीस तरी चालंल."

चांगुणानं विचार केला. "ठेव. पन भिताडाला लावू नको."

"नाय लावत. पेटीत ठेवते."

बसमध्ये खिडकीची जागा मिळाली. गोजरानं हात केला, फोटो छातीशी धरून. बस वळली.

मे महिन्यात गोजरा आली नाही. बायजाबाई आजारी होती. त्याच्या पुढच्या मे महिन्यात एक रात्र राहिली. एकच पाट आहे म्हणून माय-लेकी दोघी जमिनीवर बसून जेवल्या. सकाळी पहिल्या बसनं ती परत गेली, कारण धाकट्याला ताप होता.

चांगुणा ओहोटीला जाते. बांधावरून आता नव्या इमारतीतली माणसं फिरायला येतात. कोणी कुत्रं घेऊन, कोणी खांद्याला कॅमेरा लावून. ती चिखलाकडे बघतात, वाटलं तर फोटो काढतात आणि पुढे जातात. हाळी देत नाहीत. त्यांना ती ठाऊक नाही. बांधावर पाऊल वाजलं की चांगुणाचा हात सवयीनं ओच्याकडे जातो. मग ती क्षणभर थांबते, पुढे काही ऐकू येतं का बघते. येत नाही. ती काष्टा आहे तसा ठेवते, एका तोंडावर पाय दाबते आणि दुसऱ्यात हात घालते.